गॅस पाइपलाइनची जनसुनावणी: दिवसभर बसून आल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

आधी मार्क सांगते, कारणं नंतर. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना पाचपैकी चार. कन्सल्टंटच्या पर्यावरण अहवालाला पाचपैकी एक, तोसुद्धा सुरक्षेचं प्रकरण नीट लिहिलंय म्हणून. आणि मराठी गोषवाऱ्याला शून्य.

गावाचं, कंपनीचं, कन्सल्टंटचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रस्ताव अजून विचाराधीन आहे आणि मला कुणाशी भांडण लावायचं नाहीये, एवढंच वाटतं की पुढे ज्यांच्या गावात अशी सुनावणी लागेल त्यांनी हे वाचून जावं. आमचं गाव घाटाच्या पायथ्याला, अभयारण्याला लागून, घरात कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, भजन मराठीत म्हणतो, आणि निम्म्या घरांचं पोट कुळागरावर, म्हणजे माड-पोफळी-मसाल्याच्या बागेवर आहे. गोव्यातल्या माणसाला एवढ्यावरून अंदाज येईल.

पाइपलाइन आली म्हणजे सुनावणी होतेच असं नाही हे मलाही आधी माहीत नव्हतं. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना आहे, सगळे तिला ईआयए नोटिफिकेशनच म्हणतात, तिच्यात तेल आणि गॅसच्या पाइपलाइनला पूर्वमंजुरी लागते ती राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागातून जात असेल तर. आता गोव्याच्या पूर्वेला बघा, म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव अशी अभयारण्यांची रांगच लागलीय, त्यामुळे घाटावरून खाली काही आणायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच. गॅस आपल्याला नवीन नाही, दाभोळ-बंगळुरू लाइनची एक शाखा गोव्यात येऊन दहा वर्षं होऊन गेली. पण आपल्या स्वतःच्या सर्व्हे नंबरातून लाल रेघ गेलेली बघितली की तोच विषय वेगळा वाटायला लागतो.

प्रक्रिया थोडक्यात अशी की कंपनी अर्ज करते, दिल्लीची तज्ज्ञ समिती काय काय अभ्यासायचं ते ठरवून देते, कन्सल्टंट मसुदा अहवाल करतो, मग जनसुनावणी, मग लोकांचे मुद्दे धरून अंतिम अहवाल आणि मग समिती शिफारस करते. सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, तोही अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा चालत नाही. किमान तीस दिवस आधी पेपरात नोटीस पाहिजे, एक राष्ट्रीय आणि एक स्थानिक भाषेतला. सगळं व्हिडिओवर घ्यावं लागतं. किती लोक आले याला कोरम नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण आमच्या वाड्यावर बरेच जण म्हणत होते की कोणी जाऊच नका, सुनावणी आपोआप रद्द होईल. तसं काही होत नाही.

आता कागदपत्रांचा अनुभव. अहवाल पंचायतीत बघायला ठेवलेला असतो, तसाच जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा पंचायतीत पण. आमच्या पंचायतीत एक कॉपी होती, पाचशेच्या वर पानं, स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवलेली. सेक्रेटरी चांगले, त्यांनी टेबल दिलं, पंखा लावून दिला, झेरॉक्सला पण नेऊ दिलं. पण झेरॉक्स ब्लॅक अँड व्हाइट, आणि नकाशात पाइपलाइनची रेघ लाल, व्हाळाची (ओढ्याची) निळी, रस्त्याची काळी, झेरॉक्सवर तिन्ही रेघा काळ्याच. घरी आणून टेबलावर पसरलं तर बाबूकाका (बाबांचे धाकटे भाऊ, कुळागर तेच बघतात) रस्त्याच्या रेघेवर बोट ठेवून मला विचारतात, ही पाइप काय गो? मग मी परत गेले आणि मोबाइलवर एकेका नकाशाचा फोटो काढला, बोटाने मोठा करून दाखवला तेव्हा कुठे त्यांना कळलं की रेघ कुळागराच्या वरच्या अंगाने जातेय, बांधाच्या थोडी वर. काका काही बोलले नाहीत, फोन माझ्या हातात दिला आणि व्हाळावर गेले. केंद्राच्या परिवेश पोर्टलवरही प्रस्तावाचे कागद असतात, ज्यांच्याकडे लॅपटॉप आणि नेट आहे त्यांनी तिथूनच रंगीत घ्या, झेरॉक्सच्या फंदात पडू नका.

अहवालाला एक मार्क का ते आता सांगते, माझा खरा राग इथेच आहे. पाणी, हवा, जनावरं, झाडं यांची आजची स्थिती काय ते मोजतात त्याला बेसलाइन म्हणतात, आणि ती साधारण एकाच ऋतूत, पावसाळा सोडून, मोजतात. नियमच तसा आहे. कन्सल्टंटचे लोक आमच्याकडे आले ते एप्रिलमध्ये. आले ते रस्त्यावरच्या मोरीपाशी गाडी लावून उभे राहिले, खाली बघितलं, व्हाळ कोरडा, आणि अहवालात लिहून टाकलं "हंगामी नाला, कोरडा". आता एप्रिलमध्ये मोरीखाली पाणी का नव्हतं? कारण चवथ-दसरा होऊन पाऊस गेला की काका आणि वाड्यावरचे सगळे मिळून वरती माती-दगडांचा बांध घालतात आणि सगळं पाणी पाटात वळवतात, ते पाटातून एकेक कुळागर शिंपत खाली जातं. मोरीपासून शंभर-दीडशे पावलं वर चढला असतात तर एप्रिलमध्येसुद्धा घोट्याएवढं थंड पाणी वाहताना दिसलं असतं. माडाला, पोफळीला, केळीला, मिऱ्याच्या वेलाला, जायफळाला, सगळ्याला तेच पाणी. मे महिन्यात पण आटत नाही कारण वर झरी आहे. अहवालात झरी हा शब्दच नाही. कुळागर हा शब्दही नाही, आमचा अख्खा पट्टा "मिश्र झाडोरा" म्हणून दाखवलाय. पाच पिढ्यांनी हाताने लावलेली बाग आहे हो ती!

आणि हे नुसतं मनाला लागलं म्हणून लिहीत नाहीये, याने हिशोब बदलतो. पाइपलाइन पाण्याखालून न्यायच्या दोन पद्धती आहेत. मोठ्या नदीला खालून आडवं भोक पाडून पाइप ओढतात, एचडीडी म्हणतात त्याला, वरच्या पात्राला हात लागत नाही. छोट्या आणि कोरड्या नाल्याला सरळ चर खणतात, पाइप टाकतात, बुजवतात. आमचा व्हाळ कोरडा लिहिला की तो आपोआप दुसऱ्या यादीत जातो, आणि गेलाच होता, परिशिष्टातल्या तक्त्यात बघितलं. आता आमची जमीन चिऱ्याची, भोकाभोकाची, पाणी वरून कमी आणि आतून जास्त चालतं. अशा उतारावर खोल चर खणून मोकळ्या मातीने बुजवला की आतलं पाणी त्या चराची वाट धरतं, पाइपच्या कडेकडेने उताराला पळून जातं. जिथे हजारो वर्षं बाहेर पडत होतं तिथे मग ते येतच नाही. याला उपाय पण आहे, ठरावीक अंतरावर चरात गोणींचे आडवे बांध घालतात म्हणजे पाणी अडतं, उतारावर पाइपलाइन टाकताना जगभर करतात. मला हे काही आधी माहीत नव्हतं, माझा मामेभाऊ सिव्हिल इंजिनियर आहे त्याने दोन रात्री बसून समजावलं. अहवालात आमच्या उतारासाठी त्याचा उल्लेख नाही.

सुरक्षेचं प्रकरण मात्र बरं आहे, खरं ते सांगायला पाहिजे. पाइपवर प्लास्टिकचा तिहेरी थर, गंज धरू नये म्हणून बारीक विजेचा प्रवाह, चालू करण्याआधी पाणी भरून दाबाची चाचणी, मध्ये मध्ये व्हॉल्व्ह स्टेशन जिथून भाग बंद करता येतो, हे सगळं समजेल असं लिहिलंय. एक गोष्ट वाचून मात्र थबकले, पाइपची जाडी आजूबाजूला किती घरं आहेत त्यावर ठरते, वस्ती जास्त तर पाइप जाड, वस्ती विरळ तर पातळ चालते. म्हणजे आमच्या वाड्यावरची घरं त्यांनी किती मोजली ते महत्त्वाचं. मोजली होती ती सॅटेलाइटच्या फोटोवरून, आणि माडांच्या खाली लपलेली घरं वरून दिसत नाहीत. आंध्रात नगरमला २७ जून २०१४ ला गॅसची पाइपलाइन फुटून वीसहून जास्त माणसं गेली, भर गावात, पहाटे. ती बातमी आमच्याकडे सगळ्यांना आठवते. घरं मोजण्यात चूक परवडत नाही.

आणि जमीन. कंपनीच्या माणसांनी सुनावणीच्या आधी वाड्यावर येऊन सांगितलं की जमीन तुमचीच राहणार, पाइप खाली, वर परत शेती करा. खोटं नाही ते, १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइनच्या कायद्याप्रमाणे जमीन घेत नाहीत, फक्त वापरहक्क घेतात. पण त्याच कायद्यात लिहिलंय की त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर किंवा तळं खणायचं नाही आणि झाड लावायचं नाही. भातशेतीवाल्याला चालून जाईल. कुळागरवाल्याने काय लावायचं तिथे? वापरहक्काची भरपाई जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, तोडलेल्या झाडांची नुकसानभरपाई वेगळी. आणि हरकत घ्यायला अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवस. ही प्रक्रिया जनसुनावणीहून पूर्ण वेगळी, हरकत वेगळ्या अधिकाऱ्याकडे द्यायची, बऱ्याच जणांना वाटतं सुनावणीत बोललो म्हणजे झालं. आपला फॉर्म १ आणि १४ (गोव्यातला सातबारा) काढून बघा, कूळ म्हणून नाव लागलंय का बघा, आमच्याकडे तर अर्ध्या लोकांचे दावे मामलेदाराकडे पडून आहेत, अशांना भरपाई मागताना जीव जाईल.

आता त्या दिवसाबद्दल. वेळ साडेदहाची, हॉल भरला होता, बायका खूप आल्या होत्या हे बघून बरं वाटलं. दारावर नाव लिहून टोकन घ्यायचं आणि त्या क्रमाने बोलायचं. कंपनीचं प्रेझेंटेशन अर्धा तास, इंग्रजी स्लाइड आणि कोंकणीत बोलणं. अध्यक्षस्थानी ज्या मॅडम होत्या त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की कोणत्याही भाषेत बोला, घाई करणार नाही, आणि खरंच केली नाही. एकदा कंपनीचा माणूस मध्येच उत्तर द्यायला उठला तर त्याला बसवलं, म्हणाल्या आधी त्यांचं पूर्ण होऊ दे.

मराठी गोषवाऱ्याला शून्य का ते ऐका. नियमाप्रमाणे अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, आम्हाला मराठीत बारा पानं दिली होती. ती कोणी माणसाने वाचून बघितली असतील असं वाटत नाही. पाइप आतून साफ करायला आणि तपासायला एक यंत्र असतं, ते गॅसच्या दाबाने आतून पुढे सरकतं, इंजिनियर लोक त्याला पिग म्हणतात, आणि ते जिथून आत सोडतात ते पिग लाँचर. गोषवाऱ्यात छापलं होतं "डुक्कर प्रक्षेपण केंद्र". आमच्या वाड्यावरचे एक आजोबा, वय पंचाहत्तर, ती बारा पानं चष्मा लावून दोनदा वाचून आले होते, पेन्सिलने खुणा करून. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं की आमच्या देवराईच्या बाजूला डुकरांचं केंद्र कशाला करताय. हॉल हसला. मागच्या रांगेतले पोरगे हसले, पुढचे कोट-टायवाले पण हसले. आजोबा तसेच माइक धरून उभे, त्यांना कळेना काय चुकलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांना दिलेला कागद त्यांनी मन लावून वाचला होता, सगळ्या हॉलमध्ये बहुतेक त्यांनीच एकट्याने. मॅडमनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि कंपनीला तो शब्द समजावून सांगायला लावला, पण आजोबा त्यानंतर खाली बसले आणि देवराईचा प्रश्न राहिलाच, तो त्यांचा खरा प्रश्न होता. नंतर आमच्या वाड्यावरच्या वहिनींनी आपल्या वेळेत तो विचारला. मला अजून त्या हसण्याचा त्रास होतो.

२०२० मध्ये नवीन ईआयएचा मसुदा आला होता आठवतंय का, नोटिशीचे तीस दिवस वीस करायचे होते त्यात, आणि तो इंग्रजी-हिंदीतच काढला होता, तेव्हा दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत भाषांतर करा. तेव्हा मला ते तेवढं मोठं वाटलं नव्हतं. आजोबांना माइक धरून तसं उभं राहिलेलं बघितल्यावर कळलं.

माझा नंबर जेवणानंतर आला. मी लिहून नेलं होतं, तीन पानं, सर्व्हे नंबरासहित, आणि सकाळीच त्याची एक कॉपी टेबलावर देऊन दुसरीवर इनवर्डचा शिक्का मारून घेतला होता. हे सगळ्यांनी करा, बोललेलं विरून जातं. मी मोरीचं आणि बांधाचं सांगितलं, फोटो दाखवले, चरातल्या गोणींच्या बांधांचं विचारलं. काका पण उठले, नंबर नव्हता तरी मॅडमनी बोलू दिलं, एवढंच म्हणाले, "सायबा, हो व्हाळ तुमकां दिसलोच ना?" म्हणजे तुम्हाला हा दिसलाच नाही? कन्सल्टंटच्या बाईंनी मान्य केलं की मोरीच्या वर कोणी गेलं नव्हतं. कंपनीच्या इंजिनियरने सांगितलं की उतारावर असे बांध घालता येतात, घालू. हवामानाबद्दल एका कॉलेजच्या मुलीने चांगलं विचारलं, की गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटीहून जास्त तापवतो, तर गळतीचा हिशोब कुठे आहे? झाडं किती तोडणार ते लिहिलंय, गळती शून्य धरलीय. त्यावर "अंतिम अहवालात बघू" एवढंच उत्तर आलं.

मी काही गॅसच्या विरोधात नाही. आईने आयुष्यभर सिलिंडरची वाट बघितलीय, शहरात मैत्रिणीकडे पाइपचा गॅस आहे, नळासारखा येतो, छान आहे. पाइप यायची तर नीट बघून यावी, एवढंच मागणं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी झालं आणि तेव्हा हॉल जवळजवळ रिकामा होता. नियम असा आहे की सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं आणि समजावून सांगायचं. पाच वाजून गेले होते, गुरं बांधायची, शेवटची कदंबा बस पकडायची, लोक गेले, वीस-बावीस जण उरलो. आमच्या मुद्द्यावर वाचलं, "ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली." संपलं. तीन पानांची एक ओळ. मी उठले, म्हटलं मॅडम असं नको, सर्व्हे नंबर घाला, मोरीच्या वर पाहणी झाली नाही हे कन्सल्टंटनी मान्य केलं ते घाला, बांध घालू म्हणाले ते घाला. त्यांनी लगेच लिहिणाऱ्याला थांबवून घालून घेतलं, परत वाचायला लावलं, मला विचारलं बरोबर का. देवराईचंही त्याच वेळी आजोबांच्या नावाने घालून घेतलं. चारातले दोन मार्क या दहा मिनिटांचे आहेत.

लेखी का पाहिजे म्हणाल तर मोपा बघा. २९ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टाने मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, अर्जात जंगल-पाण्याची माहिती दडवली आणि तज्ज्ञ समितीने नीट विचार केला नाही म्हणून. पुढे जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ झाला, तेही खरं, म्हणजे सुनावणी हे मतदान नव्हे, सगळ्यांनी नको म्हटलं तरी प्रकल्प होऊ शकतो. पण कोर्टाने बघितलं ते कागद. मोलेच्या जंगलातल्या रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी ९ मे २०२२ ला रद्द झाली तीही कागदांवरच, किती लोकांनी किती वर्षं बसून गोळा केले होते ते.

एक मार्क कापला तो वेळेसाठी. कामाच्या दिवशी सुनावणी ठेवली, मजुरीवर जाणारी माणसं येऊ शकली नाहीत, आणि इतिवृत्त वाचायच्या आधी लोकांना थांबा म्हणून कोणी सांगितलं नाही. रविवारी ठेवली असती, ग्रामसभा ठेवतो तशी, तर हॉल पुरला नसता.

आता अंतिम अहवालाची वाट बघतोय. काकांना मी एक काम लावलंय, दर महिन्याच्या एक तारखेला बांधापाशी जायचं, पाण्यात खोऱ्याचा दांडा उभा करायचा आणि फोटो काढायचा. दांड्यावर त्यांनी कोयत्याने खुणा पाडल्यात, वीत-वीत अंतरावर. पहिल्या फोटोत पाणी दुसऱ्या खुणेच्या वर आहे आणि कोपऱ्यात काकांचा अंगठा आलाय. तो तसाच पाठवला.